झाकण न उघडता मायक्रोवेव्हची प्रयोगशाळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये फेरफार करून घरी विज्ञानाचे प्रयोग कसे करता येतील, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेकांचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: पाठीमागचं झाकण काढून आत काय करता येईल? आमचं मत आधीच सांगून टाकतो. बदल करायचा तो पोकळीच्या, म्हणजे अन्न ठेवतो त्या भागाच्या, आत करा: काय ठेवता, किती ठेवता, कुठे ठेवता, किती सेकंद ठेवता. पत्र्यामागच्या यंत्रणेला हात लावू नका. पुढची उत्तरं वाचल्यावर लक्षात येईल की मोजण्यासारखं जे काही आहे ते सगळं पोकळीतच आहे.

प्रश्न : शाळेच्या विज्ञान मंडळासाठी ओव्हनमधल्या प्रयोगांचं चित्रण करायचं आहे. दाराच्या काचेमागची जाळी आड येते. जाळी काढली तर चालेल का? किंवा दाराचे स्विच बायपास करून दार उघडं ठेवता येईल का?

दोन्ही करू नका. स्विच बायपास करायची रीत आम्ही देणार नाही, पण कारणं मात्र पूर्ण देतो.

ओव्हनमधल्या लहरींची वारंवारता २.४५ गिगाहर्ट्झ, म्हणजे तरंगलांबी सुमारे १२.२ सेंटीमीटर. जाळीची भोकं असतात एक-दोन मिलिमीटरची. एवढ्या लांब लहरीच्या लेखी ती जाळी अखंड पत्राच असते. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी, म्हणून प्रकाश मात्र आरपार येतो. जाळी काढली की उरते ती नुसती काच, आणि काच या लहरींना अडवत नाही.

दाराच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीखाली एक खाच फिरलेली असते, तिला चोक म्हणतात. ती तरंगलांबीच्या पाव भागाएवढी, म्हणजे सुमारे तीन सेंटीमीटर असते. दार आणि चौकट यांच्यात थोडी फट राहिली तरी चोकमुळे लहरींना तिथे वाट मिळत नाही. दार वाकलं, बिजागरी ढिली झाली किंवा चौकटीवर काही साचून घट्ट झालं, की हे गणित बिघडतं. स्विच साधारणपणे तीन असतात. दोन स्विच दार उघडताच वीज तोडतात. ते दोन्ही अडकून बसले तर तिसरा, मॉनिटर स्विच, मुद्दाम शॉर्ट सर्किट करून फ्यूज उडवतो. म्हणजे इथला फ्यूज उडतो तेव्हा तो बहुधा तुम्हाला काहीतरी सांगत असतो. त्याजागी जाड तार घालणं हा सगळ्यात वाईट इलाज.

धोका प्रामुख्याने डोळ्यांना. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे तिथे साठलेली उष्णता वाहून नेली जात नाही आणि मोतीबिंदू होऊ शकतो. त्वचेला चटका जाणवेपर्यंत आतल्या पेशी तापलेल्या असतात.

चित्रण जाळीतूनच छान होतं. कॅमेऱ्याचं भिंग दाराच्या काचेला अगदी टेकवा, फोकस हाताने आतल्या वस्तूवर ठेवा. जाळी इतकी जवळ येते की ती धूसर होऊन जवळजवळ दिसेनाशी होते. कॅमेरा आणि दार यांच्यावर काळं कापड टाका, म्हणजे खोलीतला उजेड काचेवरून परतणार नाही. फोन असेल तर ऑटोफोकस बंद करायला विसरू नका, नाहीतर तो सारखा जाळीवरच धाव घेतो. कॅमेरा तिपाईवर ठेवा आणि स्वतः हातभर लांब उभे राहा.

प्रश्न : माझ्या ओव्हनवर ८०० वॅट लिहिलं आहे. खरी शक्ती किती, हे घरी कसं मोजायचं?

कुठलाही प्रयोग करण्याआधी हा करा. ओव्हनची खरी शक्ती माहीत नसेल तर पुढच्या कुठल्याच आकड्याला अर्थ राहत नाही.

एक लिटर पाणी वजन करून घ्या, १००० ग्रॅम. पातळ प्लास्टिकचं, मायक्रोवेव्हला चालणारं भांडं घ्या. जाड काचेचं भांडं स्वतःच बरीच उष्णता शोषतं. पाण्याचं तापमान खोलीपेक्षा पाचेक अंश कमी ठेवा. शेवटी ते खोलीपेक्षा पाचेक अंश वर गेलेलं असेल, आणि मग सुरुवातीला हवेतून मिळालेली उष्णता व शेवटी हवेत गेलेली उष्णता साधारण एकमेकींना छेदतात. ढवळा, तापमान टिपा, भांडं मधोमध ठेवा, पूर्ण शक्तीवर ६२ सेकंद चालवा. वरचे दोन सेकंद मॅग्नेट्रॉनचा, म्हणजे लहरी निर्माण करणाऱ्या नळीचा, फिलामेंट तापण्यासाठी. तेवढ्या वेळात दिवा लागतो, पंखा फिरतो, पण लहरी निघत नाहीत. बाहेर काढताच लाकडी चमच्याने नीट ढवळा आणि पुन्हा तापमान घ्या.

शक्ती (वॅट) = ४.१९ × पाण्याचे ग्रॅम × वाढलेले अंश ÷ ६०

समजा तापमान २० वरून ३०.५ अंशांवर गेलं. ४.१९ × १००० × १०.५ ÷ ६० म्हणजे ७३३ वॅट. ८०० लिहिलेल्या ओव्हनला ७३३ येणं काही वाईट नाही.

चुका कुठे होतात? सर्वांत मोठी चूक म्हणजे न ढवळणं. गरम पाणी वर चढतं, आणि थर्मामीटर किती खोल बुडवला त्यावर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. एक अंशाची चूक म्हणजे उत्तरात सत्तर वॅट. म्हणून ०.१ अंश दाखवणारा डिजिटल थर्मामीटर वापरा, आणि तो फक्त बाहेर वापरा. थर्मामीटर आत ठेवून ओव्हन चालवायचा नाही. धातूचा तर नाहीच, पण लाल द्रवाचा काचेचा थर्मामीटरही नाही, कारण त्यातला द्रव स्वतःच लहरी शोषून तापू शकतो आणि नळी फुटू शकते. तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. मात्र प्रत्येक वेळी नवं पाणी, आणि मध्ये ओव्हनला थंड व्हायला वेळ. गरम मॅग्नेट्रॉनची शक्ती थोडी घटलेली असते.

आता खरा मजेचा भाग. हाच प्रयोग ५००, २५० आणि १०० ग्रॅम पाण्याने करा. पाणी जितकं कमी तितका वेळही कमी घ्या, १०० ग्रॅमला १२ सेकंद पुरेत, त्यातले दोन सुरुवातीचे, म्हणून भागायचं ते ६० ऐवजी १० ने. आलेख काढला की दिसतं, पाणी कमी झालं की पाण्यात उतरणारी शक्तीही कमी होते. उरलेली ऊर्जा भिंतींत, ताटलीत जाते आणि काही मॅग्नेट्रॉनकडे परत फिरते. रिकामा ओव्हन का चालवू नये, याचं उत्तर या आलेखाच्या डाव्या टोकाला आहे.

प्रश्न : तापमान सतत मोजायचं म्हणून वरच्या पत्र्याला सहा मिलिमीटरचं भोक पाडून थर्मोकपल (तापमान मोजणारी धातूच्या तारांची जोडी) आत सोडायचा विचार आहे. भोक एवढं लहान असेल तर लहरी बाहेर येणार नाहीत ना?

भोकातून नाही, थर्मोकपलमधून येतील. हा फरक नीट समजून घ्यावा असा आहे.

धातूची गोल नळी तरंगलांबीच्या मानाने अरुंद असेल तर लहर तिच्यातून पुढे जाऊ शकत नाही, ती नळीच्या आतच विरते. २.४५ गिगाहर्ट्झसाठी ही मर्यादा सुमारे सात सेंटीमीटर व्यासाची. त्याहून बरीच बारीक नळी असेल तर व्यासाएवढ्या दर लांबीमागे सुमारे ३२ डेसिबल घट होते. म्हणजे एक सेंटीमीटर व्यासाची नळी तीन सेंटीमीटर लांब असेल तर घट ९६ डेसिबल, जवळजवळ पूर्ण बंदी. पण ओव्हनचा पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाड. तिथे नळी नाहीच, नुसतं भोक आहे, आणि लांबीतून मिळणारी घट नगण्य.

त्यात थर्मोकपलची तार घातली की मधे तार आणि भोवती पत्रा अशी कोअॅक्सिअल केबलसारखी रचना तयार होते. तिला अशी मर्यादा नसते, कुठलीही वारंवारता तिच्यातून चालते. आतली तार अँटेनासारखी लहरी पकडते आणि बाहेरची तार त्या खोलीत सोडते. मीटरचे आकडे तर बिघडतातच.

प्रयोगशाळांच्या मायक्रोवेव्हमध्ये याच कामासाठी लांब धातूची चिमणी बसवलेली असते आणि तापमान ऑप्टिकल फायबरने मोजतात, त्यात धातू नसतो. घरी यावर उपाय म्हणजे थांबून मोजणं: दहा सेकंद चालवा, बाहेर काढा, ढवळा, मोजा, पुन्हा ठेवा. पृष्ठभागाचं तापमान हवं असेल तर इन्फ्रारेड थर्मामीटर दार उघडून लगेच रोखा. काचेतून रोखला तर तो काचेचंच तापमान सांगेल.

प्रश्न : चॉकलेट वितळवून प्रकाशाचा वेग काढायचा प्रयोग केला. वितळलेल्या ठिपक्यांत साडेसात सेंटीमीटर अंतर आलं, उत्तर खूप जास्त निघालं. काय चुकलं?

तुमचं मोजमाप बहुधा बरोबर आहे. या प्रयोगाची प्रचलित कृतीच अपुरी आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती तशीच पुढे सांगितली जाते.

कृतीत म्हणतात, दोन गरम ठिपक्यांमधलं अंतर म्हणजे अर्धी तरंगलांबी. तारेवरच्या किंवा अरुंद नळीतल्या एकाच दिशेच्या स्थिर लहरीसाठी ते खरं. ओव्हन ही मात्र तिन्ही दिशांनी बंद पेटी आहे. लहर एकाच वेळी रुंदी, खोली आणि उंची या तिन्ही दिशांत अर्ध्या-अर्ध्या लाटा बसवते. रुंदी ३० सेंटीमीटर असेल आणि त्यात चार अर्ध्या लाटा बसल्या असतील, तर त्या दिशेतलं अंतर बरोबर साडेसात येणार. बाजूच्या दिशेतलं हे अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा, म्हणजे ६.१ सेंटीमीटरपेक्षा, नेहमी जास्तच असतं. म्हणून प्रचलित कृतीने काढलेला वेग खऱ्यापेक्षा जास्तच येण्याकडे झुकतो.

दुरुस्ती अशी. रुंदीच्या दिशेतलं अंतर, खोलीच्या दिशेतलं अंतर आणि उंचीच्या दिशेतलं अंतर वेगवेगळं मोजा. प्रत्येकाच्या वर्गाचा व्यस्तांक घ्या, तिन्हींची बेरीज करा, चारने भागा. ही तरंगलांबीच्या वर्गाचा व्यस्तांक आहे. समजा रुंदीत ७.५, खोलीत १० सेंटीमीटर आलं आणि उंचीत नमुना बदललाच नाही, म्हणजे उंचीचा वाटा शून्य. मग ०.०१७८ आणि ०.०१०० यांची बेरीज ०.०२७८, भागिले चार ०.००६९५, आणि तरंगलांबी १२.० सेंटीमीटर. गुणिले २.४५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला २ लाख ९४ हजार किलोमीटर. प्रत्यक्ष वेग २,९९,७९२ किलोमीटर. तुमचा साडेसातचा आकडा इथे चपखल बसतो.

चॉकलेटपेक्षा ओला थर्मल कागद चांगला. बिलाच्या यंत्रात वापरतात तो कागद उष्णतेने काळा पडतो. पुठ्ठा पोकळीच्या मापाने कापा, त्यावर ओलसर टिपकागद पसरा, त्यावर थर्मल कागदाच्या पट्ट्या शेजारी शेजारी लावा. फिरती ताटली काढा आणि मधल्या फिरत्या खुंटीवर उथळ प्लास्टिकची वाटी उपडी ठेवून तिच्यावर पुठ्ठा टेकवा. पुठ्ठा अजिबात फिरता कामा नये. पाच सेकंद चालवा, बघा, पुन्हा पाच सेकंद. ठिपके ठळक झाले की थांबा, टिपकागद कोरडा पडू देऊ नका, तो करपून पेट घेऊ शकतो. मग पुठ्ठा तीन-तीन सेंटीमीटर उंच करून प्रत्येक उंचीला नवा कागद घ्या. कागद एकावर एक लावून खिडकीच्या उजेडात धरले की पोकळीचा नकाशा तिन्ही दिशांत उलगडतो.

प्रत्यक्षात एकाहून अधिक नमुने एकत्र मिसळलेले असतात, त्यामुळे काही ठिपके वेडेवाकडे येतीलच. सर्वांत स्वच्छ ओळ निवडा. तुमच्या ओव्हनमध्ये ताटलीच नसेल, सपाट तळ असेल, तर तळाखाली अँटेना फिरत असते आणि ठिपके पुसट होतात. त्या ओव्हनवर हा प्रयोग जमत नाही.

प्रश्न : द्राक्ष अर्धं कापून ओव्हनमध्ये ठेवलं की ठिणगी पडते. सालीचा पूल त्यासाठी लागतोच का?

साल लागत नाही. बरीच वर्षं असं सांगितलं जाई की दोन अर्धुकं अँटेनासारखी वागतात आणि सालीतून वीज वाहते. २०१९ साली हमझा खट्टक, पाब्लो बियानुची आणि अॅरन स्लेप्कोव्ह यांनी दाखवलं की दोन अखंड द्राक्षं नुसती एकमेकांना टेकवली तरी तेच घडतं, आणि पाणी शोषून फुगलेल्या हायड्रोजेलच्या गोळ्यांनीही घडतं. कारण पाण्यात शिरल्यावर तरंगलांबी नवव्या हिश्श्याच्या आसपास येते, १२.२ वरून सुमारे १.४ सेंटीमीटर. द्राक्षाचा आकार त्याच घरातला. लहर गोळ्यात अडकते, आणि दोन गोळे टेकले की त्यांच्या स्पर्शबिंदूशी विद्युतक्षेत्र एकवटतं. तिथली उष्णता आणि क्षेत्र यांमुळे द्राक्षातले सोडियम, पोटॅशियमचे आयन सुटतात आणि प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित चमकणारा वायू, पेटतो.

प्लाझ्मा पेटवू नका, असं आमचं सांगणं. तो वर चढून छताला डाग पाडतो, काचेच्या भांड्याखाली धरला तर काच तडकते, आणि हवेतून ओझोन व नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. पाहण्यासारखी गोष्ट ठिणगीच्या आधीच घडते. दीड सेंटीमीटरच्या दोन हायड्रोजेल गोळ्या टेकवून थर्मल कागदावर ठेवा, कोपऱ्यात अर्धा कप पाणी ठेवा आणि दोन-तीन सेकंदच चालवा. काळा डाग नेमका स्पर्शबिंदूखाली उमटतो. मग गोळ्यांत एक, दोन, पाच मिलिमीटर अंतर ठेवून पुन्हा करा, डाग कसा फिका पडत जातो ते पाहा. घरात लहान मुलं असतील तर या गोळ्या मोजून ठेवा. गिळलेली गोळी आतड्यात फुगून अडकते.

प्रश्न : जुन्या ओव्हनमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळायची आहे, आणि मॅग्नेट्रॉन वेगळा काढून दुरून बल्ब पेटवायचा आहे. कपॅसिटर आधी डिस्चार्ज केला की सुरक्षित ना?

नाही. वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर हा धोक्याचा एक भाग झाला. साधारण एक मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर तीन हजार व्होल्टच्या आसपास भरतो आणि प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. आतला रोधक त्याला साधारण मिनिटाभरात रिकामा करतो खरा, पण तो रोधक निकामी झाला तर बाहेरून काहीच कळत नाही.

ट्रान्सफॉर्मर त्याहून वाईट. घरगुती उपकरणांत एवढी जीवघेणी वस्तू क्वचितच सापडेल. दुय्यम बाजूला दोन हजार व्होल्ट आणि अर्ध्या अँपिअरपर्यंत करंट देण्याची ताकद. हृदय थांबायला याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी करंट पुरतो. घरातला अर्थ लीकेज ब्रेकर वाचवेल हा समज इथे खोटा ठरतो. दुय्यम वेटोळ्याचं एक टोक ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्याला जोडलेलं असतं, त्यामुळे शरीरातून गेलेला करंट गाभ्यातून परत वेटोळ्यात येतो. मुख्य लाइनच्या दोन तारांतला तोल बिघडतच नाही आणि ब्रेकर पडत नाही. लाकडावरच्या या नक्षीने अनेक जीव घेतले आहेत. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स या लाकूडकाम करणाऱ्यांच्याच संघटनेने आपल्या कार्यक्रमांत आणि प्रकाशनांत तिला बंदी घातली आहे. नक्षी हवी असेल तर तापत्या टोकाची पायरोग्राफी पेन वापरा.

मॅग्नेट्रॉनचं मूळच रडारमधलं. १९४० साली बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी पोकळ्यांचा मॅग्नेट्रॉन बनवला, आणि १९४५ मध्ये रेथिऑन कंपनीच्या पर्सी स्पेन्सर यांनी त्यावर अन्न शिजवण्याचं पेटंट दाखल केलं. पेटीबाहेर काढलेला मॅग्नेट्रॉन म्हणजे काही शे वॅटचा उघडा प्रक्षेपक. बल्ब पेटेल एवढं क्षेत्र जिथे आहे तिथे तुमचा डोळाही आहे. शिवाय काही मॅग्नेट्रॉनच्या पांढऱ्या इन्सुलेटरमध्ये बेरिलियम ऑक्साइड असतं. ते फुटून धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांचा कायमचा आजार होऊ शकतो.

उच्च दाबाच्या विजेची हौस असेल तर तयार प्लाझ्मा ग्लोब किंवा शाळेतलं लहान व्हॅन डी ग्राफ यंत्र घ्या. व्होल्टेज भरपूर, पण मागे ऊर्जा अगदी थोडी.

प्रश्न : स्फटिक हळूहळू वाळवायचे आहेत. ३० टक्के शक्ती लावली तरी ते फुटतात. सर्किटमध्ये बदल करून शक्ती खरोखर कमी करता येईल?

सर्किटला हात न लावता होईल. ट्रान्सफॉर्मरवाल्या ओव्हनमध्ये ३० टक्के म्हणजे अर्ध्या मिनिटाच्या चक्रात सुमारे नऊ-दहा सेकंद पूर्ण शक्ती आणि उरलेला वेळ बंद. तुमच्या स्फटिकांना दर वेळी पूर्ण माराच बसतो. प्लगला लावायचा वॅटमीटर असेल तर हे डोळ्यांनी दिसतं: आकडा हजाराच्या वर जातो, मग पंखा-दिव्यापुरता खाली येतो.

सोबत अर्धा लिटर पाण्याचं भांडं ठेवा. बहुतेक ऊर्जा पाणी घेईल आणि स्फटिकांच्या वाट्याला थोडी येईल. पाणी कमी-जास्त करून वाटा ठरवता येतो, आणि पाणी गरम झालं की बदलायचं. इन्व्हर्टर ओव्हन मात्र कमी शक्ती सलग देतो, घ्यायचाच असेल तर तो घ्या. ज्वलनशील द्रावकात भिजलेलं काहीही आत ठेवू नका, अल्कोहोलसुद्धा नाही. ओव्हनमधले स्विच ठिणगी टाकतात.

प्रश्न : २.४५ गिगाहर्ट्झ ही पाण्याच्या रेणूची अनुनादाची वारंवारता आहे म्हणून पाणी तापतं, असं वाचलं. मग बर्फ का तापत नाही?

अनुनाद नाहीच. द्रव पाण्याचे रेणू बदलत्या विद्युतक्षेत्रामागे वळू पाहतात, शेजारी त्यांना अडवतात, आणि त्या ओढाताणीत ऊर्जा उष्णता होते. हे शोषण खोलीच्या तापमानाला सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असतं. ओव्हन तिथे चालवला असता तर पदार्थाचा वरचा पापुद्राच तापला असता. २.४५ ला लहर पाण्यात दीड-दोन सेंटीमीटर आत पोचते. उद्योगांतल्या मोठ्या भट्ट्या ९१५ मेगाहर्ट्झवरही चालतात, तिथेही पाणी तापतंच.

बर्फात रेणू जागच्या जागी बांधलेले, त्यांना वळता येत नाही. करून पाहा: फ्रीझरमधून थेट काढलेला १०० ग्रॅम बर्फाचा एकसंध तुकडा कोरडा पुसून थंड प्लास्टिकच्या वाटीत ठेवा, दुसऱ्या वाटीत १०० ग्रॅम पाणी. दोन्ही एकदम ३० सेकंद. पाणी चांगलं गरम होतं, बर्फ जेमतेम ओला. बर्फाच्या पृष्ठभागावर आधीच पाण्याचा थर असेल तर प्रयोग फसतो: तो थर तापतो, खालचा बर्फ वितळवतो, थर वाढतो, आणखी तापतो. गोठलेला पदार्थ एका टोकाला उकळतो आणि मध्ये दगड राहतो, तो याचमुळे.

प्रश्न : ओव्हनमध्ये फोन ठेवून रिंग वाजली तर लहरी गळतात असं समजायचं का?

नाही. फोन अत्यंत क्षीण संकेतही पकडतो, आणि ओव्हन इतका घट्ट बनवलेलाच नसतो. वापरातल्या ओव्हनसाठी मान्य मर्यादा पाच सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॅट अशी आहे. आत सुमारे २७५ मिलिलिटर पाणी ठेवून, प्रमाणित मीटर दाराच्या कडेने हळू फिरवून ती तपासतात. स्वस्त मीटरचा आकडा प्रमाण मानू नका, पण दार वाकलेलं असेल, काच तडकलेली असेल किंवा चौकट गंजली असेल तर मीटरशिवायच ओव्हन बंद ठेवा.

प्रश्न : पाणी न उकळता शंभराच्या वर जातं हे दाखवायचं आहे. कसं करावं?

मुद्दाम करू नका. गुळगुळीत नव्या काचेत, एकदा उकळून हवा गेलेलं पाणी पुन्हा तापवलं की बुडबुडे धरायला जागाच मिळत नाही. पाणी शंभर अंशांच्या वर जाऊन शांत दिसतं, आणि चमचा घालताच किंवा भांडं हलताच अर्ध्याहून अधिक उसळून बाहेर येतं. भाजतं ते चेहरा आणि हात. बाकीच्या प्रयोगांत हे टाळण्यासाठी पाण्यात लाकडी काडी उभी ठेवूनच तापवा आणि ओव्हन बंद झाल्यावर अर्धा मिनिट दार उघडू नका.

प्रश्न : काच वितळवण्यासाठी मायक्रोवेव्हमध्ये ठेवायच्या छोट्या भट्ट्या मिळतात. त्या घरच्या ओव्हनमध्ये चालतील?

चालतात, पण ओव्हन वेगळा ठेवा, स्वयंपाकाचा नको. भट्टीच्या आतल्या बाजूला सिलिकॉन कार्बाइडसारख्या पदार्थाचा थर असतो. काच थंड असताना लहरी फारशा शोषत नाही, हा थर मात्र शोषतो, लाल होतो आणि काचेला तापवतो. काच पुरेशी तापली की ती स्वतःही शोषू लागते, म्हणून शेवटची दोन-तीन मिनिटं सर्वांत नाजूक. या टप्प्यावर अर्ध्या-अर्ध्या मिनिटाने तपासा. भट्टी उचलायला उष्णतारोधक हातमोजे, ठेवायला विटेचा किंवा सिरॅमिकचा पाया. आतलं तापमान ८०० अंशांच्या घरात जातं. बाहेर काढल्यावर झाकण लगेच उघडलं तर काच तडकते. हात लावता येईल इतकी थंड होईपर्यंत, तास-दीड तास, तशीच बंद ठेवा. भट्टीचं तंतुमय अस्तर ठिसूळ असतं, त्याची धूळ फुप्फुसांना वाईट. हाताळताना बारीक धूळ अडवणारा मास्क लावा, आणि सांडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या.